सुटलेल्या झेलाचा रकाना

बाबांच्या स्कोअरबुकात ठिपका ही सर्वांत लहान नोंद. टोकदार पेन्सिल कागदावर नुसती टेकवायची, की एक चेंडू संपला. फलंदाजाने पाय पुढे टाकून चेंडू निगुतीने अडवला, ठिपका. चेंडूने बॅटीला हुलकावणी दिली आणि गोलंदाज डोक्याला हात लावून उभा राहिला, ठिपका. झेल उडाला, क्षेत्ररक्षकाच्या दोन्ही हातांत आला आणि सुटला, तरीही ठिपकाच. संध्याकाळी वही उघडली की हे तिन्ही ठिपके सारखेच दिसतात. कुठल्या ठिपक्यात कुणाचं काय गेलं, ते कागद सांगत नाही.

बाबा साताऱ्याहून लखनौला आले ते रेल्वेच्या संशोधन संस्थेतल्या नोकरीमुळे. मानकनगरच्या क्वार्टरमध्ये आमचं घर होतं. हिवाळ्यातल्या रविवारी ऑफिसांचे सामने व्हायचे. बाबा खेळत नसत, गुणलेखन करत. थर्मासमध्ये चहा, मांडीवर उभट वही, तिच्या शिवणीला दोऱ्याने बांधलेली पेन्सिल. पंचाने खूण केली की बाबा हात वर करून पोच देत आणि मगच लिहीत. खोडरबर त्यांच्याजवळ असे, पण तो वापरताना मी त्यांना क्वचितच पाहिलं.

मला हिशेब त्यांनीच शिकवला. स्कोअरबुक ही खातेवही आहे, असं ते म्हणत. झेल घेतला तर दोघांची नावं लागतात: झे. अमुक, गो. तमुक. यष्टिचीत झाला तरी दोघांची. यशात भागीदारी असते. धावचीत झाला तर गोलंदाजाला काही मिळत नाही, आणि चूक कुठल्या फलंदाजाच्या हाकेची होती हेही लिहिलं जात नाही. जो बाद झाला त्याच्याच नावापुढे रेघ. चेंडू कुणालाही न लागता यष्टीरक्षकाला चकवून गेला तर बाय. त्या धावा गोलंदाजाच्या माथी नाहीत, पण संध्याकाळी सगळे यष्टीरक्षकाकडेच बघतात, मग चेंडू लेगच्या कितीही बाहेर का पडलेला असेना. आणि फलंदाजाने एक धाव काढली, कुणीतरी रागाने यष्टीवर चेंडू भिरकावला, तो चुकून सीमेपार गेला, तर त्या चार जादा धावा गोलंदाजाच्या खात्यात. फेक दुसऱ्याची, भरपाई त्याची.

झेल सुटला तर? त्याला रकानाच नाही.

हे मला पाठ होतं. पण जानेवारी 1984 मधल्या एका रविवारपर्यंत ते नुसतं पाठच होतं.

गोमतीकाठच्या मैदानावर त्या सकाळी इतकं धुकं होतं की समोरच्या टोकाचा साइटस्क्रीन दिसत नव्हता. अकरा वाजता खेळ सुरू झाला. खाली मॅट अंथरलेली, तिच्या कडांवर दव. आमच्या संघात लखनौच्या चौक भागातला एक डावखुरा फिरकी गोलंदाज होता. माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. आम्ही एकमेकांना ‘आप’च म्हणायचो, लखनौत मैत्री कितीही जुनी झाली तरी ते सुटत नाही. एका खात्यात खेळाडूंच्या कोट्यातून दोन जागा भरायच्या होत्या. तीन सामन्यांचे आकडे मागवले होते. निवड करणारे सामना पाहायला येणार नव्हते, कागद पाहणार होते. पहिल्या दोन सामन्यांत त्याने तीन आणि दोन बळी घेतलेले. हा तिसरा.

चौथ्या षटकात त्याने फलंदाजाला उंचीने फसवलं. चेंडू मिडविकेटला माझ्याकडे आला, छातीच्या उंचीवर, सरळ. ज्याला आपण हातात दिलेला म्हणतो तसा. मी तो सोडला. तळहातांना त्याचा थंड ओलसरपणा लागला आणि पुढच्या क्षणी तो मॅटच्या कडेला पडलेला होता. बाबांनी ठिपका दिला.

नंतर, बहुधा बाराव्या षटकात, त्याच फलंदाजाने उंच मारला. मी लाँगऑनला होतो. धुकं विरून पांढरं ऊन पडलं होतं. चेंडू खूप वेळ वर होता. मी खाली पोचलोही, आणि तो हातांतून निसटून मागे गेला. तोवर त्यांनी दोन धावा काढल्या होत्या. बाबांनी लिहिलं: 2. गोलंदाजाच्या खात्यात. म्हणजे माझी चूक त्याच्या नावावर नुसती अदृश्य राहिली नाही, त्याला वर दोन धावा द्याव्या लागल्या.

तो फलंदाज बरंच खेळला. आमच्या गोलंदाजाची ओळ अशी झाली: 16 षटकं, 3 निर्धाव, 47 धावा, 0 बळी. सामना संपल्यावर त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. ‘‘चलिए, अगली बार,’’ इतकंच म्हणाला आणि सायकल काढली.

रात्री मी बाबांना म्हटलं, कागद पाठवण्यापूर्वी काहीतरी लिहा. शेऱ्यात लिहा, दोन झेल सुटले. माझं नाव लिहा.

बाबांनी चष्मा काढला. ‘‘पुस्तकात तो रकाना नाही,’’ ते म्हणाले. ‘‘मी माझ्या मनाने रकाने काढायला लागलो तर उद्या माझ्या पुस्तकावर कोण विश्वास ठेवील? तुला सांगायचंय ना, मग त्याला जाऊन सांग.’’

मला त्यांचा राग आला. आज वाटतं, त्यांचं अर्धं बरोबर होतं.

यादी लागली. त्यात त्याचं नाव नव्हतं. यादी लागल्यानंतर तिसऱ्या दिवशी मी चौकात गेलो, हेही इथे लिहायला हवं. आधी नाही गेलो.

त्याच्या घरी चिकनच्या कपड्यांची छपाई चालायची. वडील आणि काका छापे मारायचे. अरुंद खोली, लांब मेज, त्यावर ओल्या शाईची गादी, भिंतीला लाकडी ठप्प्यांची उतरंड: वेल, कैरी, लहान बुट्टी. ठप्पा गादीवर दाबायचा, कापडावर ठेवायचा, मुठीने वरून एक ठोसा. निळी नक्षी उमटते. ते कापड मग बायकांकडे जातं. त्या घरी बसून त्या निळ्या रेघेवर पांढऱ्या दोऱ्याने भरतात, टेपची, बखिया, मुर्री, फंदा, मधे जाळी. शेवटी धुलाई. धुलाईत निळं सगळं निघून जायला हवं, फक्त पांढरं उरायला हवं. एक कुर्ता बाजारात येईतो किती हातांतून जातो, हे मी तिथे पहिल्यांदा पाहिलं.

मी त्याला म्हटलं, माझ्यामुळे झालं. दोन्ही झेल माझे होते.

तो मेजावरचं कापड ताणत होता. थांबला नाही. ‘‘गेंद तो मैंने ही डाली थी,’’ म्हणाला. चेंडू तर मीच टाकला होता. मग त्याने बाजूच्या गठ्ठ्यातून एक कुर्ता उपसून माझ्यापुढे धरला. गळ्याजवळच्या बुट्टीखाली फिकट निळा डाग राहिला होता. भरतकाम इतकं बारीक की दोन महिने तरी गेले असतील. व्यापाऱ्याने तो परत पाठवला होता आणि भरणाऱ्या बाईचे पैसे कापले होते. शाई दाट झाली असेल, तर चूक आमची, तो म्हणाला. धुतानाचीही असू शकेल. पण कुर्त्यावर दिसतं ते तिचं काम, त्यामुळे पैसे तिचे कापले. त्याच्या वडिलांनी आपल्याकडचे थोडे पैसे तिला पाठवले होते. असं तो सांगत होता, तक्रारीच्या सुरात नाही, घरातली एक गोष्ट म्हणून. चहा आला. आम्ही प्यालो. मी परत आलो.

घरी आल्यावर बाबांनी काही विचारलं नाही. जेवणं झाल्यावर त्यांनी ट्रंकेतून स्वतःची एक जुनी वही काढली. कॉलेजात असताना ते वर्तमानपत्रातले धावफलक तिच्यात उतरवून ठेवत. त्यांनी डिसेंबर 1958 चं पान उघडलं. कानपूरची कसोटी, ग्रीन पार्क, वेस्ट इंडीजचा पहिला डाव, सर्व बाद 222. खाली गोलंदाजीत: गुप्ते, 102 धावांत 9 बळी.

लखनौपासून कानपूर ते किती लांब, सकाळची गाडी धरली तर खेळ सुरू होण्याआधी पोचावं. त्या मैदानावर मुंबईच्या सुभाष गुप्त्यांनी एका डावात नऊ गडी बाद केले, सोबर्स आणि कन्हाय त्यांत आले. कसोटीच्या एका डावात नऊ बळी घेणारे ते पहिले भारतीय. राहिलेला एकच होता: लान्स गिब्ज. बाबांनी त्या ओळीवर बोट ठेवलं. गिब्ज, त्रि. गो. रांजणे.

‘‘हाही गुप्त्यांचाच होता,’’ बाबा म्हणाले. ‘‘ताम्हाण्यांच्या हातून सुटला.’’

नरेन ताम्हाणे यष्टींमागे होते. त्यांच्या हातून गिब्जचा झेल निसटला. मग पुण्याच्या वसंत रांजण्यांनी त्याचा त्रिफळा उडवला. रांजण्यांची ती पहिलीच कसोटी, तो त्यांचा पहिलाच बळी. कुणी काय चुकीचं केलं? नव्या पोराने पहिल्या कसोटीत चेंडू मुद्दाम बाहेर टाकायचा होता? त्याने आपलं काम चोख केलं. आणि ताम्हाणे? 21 कसोटींत 35 झेल आणि 16 यष्टिचीत. फिरकीवर इतके यष्टिचीत करणारे हात किती हलके असले पाहिजेत. गुप्त्यांचा लेगब्रेक आणि गुगली ओळखून, बॅटीपाठी लपलेला तो चेंडू टिपून, डोळ्याचं पातं लवायच्या आत बेल उडवणारे तेच हात. ‘यष्टि. ताम्हाणे, गो. गुप्ते’ ही ओळ वाचताना मला अजूनही दोन गवई एका श्वासावर समेला आल्यासारखं वाटतं. तेव्हा जगात फक्त इंग्लंडच्या जिम लेकरने कसोटीच्या एका डावात दहाच्या दहा घेतले होते, 1956 मध्ये. गुप्ते दुसरे झाले असते. 40 वर्षांनी, फेब्रुवारी 1999 मध्ये, दिल्लीत अनिल कुंबळे दुसरा झाला.

त्या दिवशी आम्ही टीव्हीसमोर होतो, बाबा थकलेले. कुंबळेला लखनौ ओळखत होतं. 1994 च्या जानेवारीत इथल्या के. डी. सिंग बाबू स्टेडियमवर त्याने श्रीलंकेचे 11 गडी बाद केले होते. दिल्लीत त्याचे नऊ झाले आणि दुसऱ्या टोकाकडून जवागल श्रीनाथ चेंडू ऑफ स्टंपच्या इतका बाहेर टाकू लागला की वाइड जाऊ लागले. बाबा हसले नाहीत. ‘‘हे वाइड त्याच्याच खात्यात मांडले जातील,’’ म्हणाले. तसंच झालं. त्या डावातल्या श्रीनाथच्या ओळीत बळींचा आकडा शून्य आहे आणि धावांमध्ये त्या वाइडच्या धावाही आहेत. मित्रासाठी केलेलं दान त्याच्या नावापुढे खर्च म्हणून लिहिलेलं आहे. पन्नास वर्षांनी ते पान वाचणाऱ्याला वाटेल, या माणसाची त्या दिवशी दिशा चुकत होती.

गुप्त्यांच्या बाबतीत हिशेबाची ही रीत मैदानाबाहेरही गेली. 1961 च्या डिसेंबरमध्ये इंग्लंडविरुद्धच्या दिल्ली कसोटीच्या वेळी ते एका सहकाऱ्याबरोबर हॉटेलच्या एका खोलीत राहत होते. त्या सहकाऱ्याने हॉटेलच्या स्वागतिकेला फोन करून बरोबर पेय घ्यायला बोलावलं. तिने तक्रार केली. फोन खोलीतून गेला होता आणि खोली दोघांच्या नावावर होती. दोघांवरही कारवाई झाली. सोबत्याला रोखलं का नाहीस, असं गुप्त्यांना विचारलं गेल्याचं सांगतात. सहकाऱ्याचं नाव मी इथे घेत नाही, त्याची शिक्षा त्याने तेव्हाच भोगली. चोर सोडून संन्याशाला फाशी, असंही मी म्हणणार नाही. इथे दोघांनाही एकाच दोरीत बांधलं, आणि ते जास्त वाईट आहे, कारण त्याला शिस्तीचं नाव देता येतं. 1962 च्या वेस्ट इंडीज दौऱ्यावर गुप्त्यांना नेलं नाही. ते पुन्हा कधीच कसोटी खेळले नाहीत. वय 32. पत्नी त्रिनिदादची, तिथेच ते स्थायिक झाले, आणि 2002 मध्ये तिथेच वारले. ज्याला त्यांनी कानपुरात बाद केलं त्या सोबर्सने त्यांना आपण पाहिलेला सर्वश्रेष्ठ लेगस्पिनर म्हटलं. नोंद मात्र अशी आहे: 36 कसोटी, 149 बळी. तो एक झेल धरला गेला असता तर बरोबर 150.

अमेरिकेच्या बेसबॉलमध्ये या चुकीला रकाना आहे. हेन्री चॅडविक नावाचा इंग्लंडात जन्मलेला पत्रकार, क्रिकेटवर वाढलेला. त्याने एकोणिसाव्या शतकात त्या खेळाच्या नोंदींची घडी बसवली. तिथे क्षेत्ररक्षकाची चूक त्याच्या नावावर लिहितात आणि त्या चुकीतून झालेल्या धावा चेंडू टाकणाऱ्याच्या सरासरीत धरत नाहीत. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला वाटलं, आपल्याकडे असं असतं तर चौकातल्या त्या पोराला नोकरी लागली असती. पण पुढे वाचलं तेव्हा त्यातली गोम कळली. साधारण प्रयत्नांत जे धरता यायला हवं होतं ते सुटलं, तरच चूक लिहितात. जो धावत जाऊन बोटं लावतो त्याच्यावर ती येऊ शकते. जो मंद आहे, चेंडूपर्यंत पोचतच नाही, त्याची पाटी कोरी राहते. ताम्हाण्यांचा तो झेल लोकांना आठवतो, कारण त्यांचे हात चेंडूपर्यंत गेले. लाँगऑनला मी धावलोच नसतो तर माझ्याकडे कुणी पाहिलंही नसतं. म्हणजे नाव लिहिणं हाही न्याय नव्हे.

12 ऑक्टोबर 2023 ला मी इकाना स्टेडियमवर होतो. विश्वचषक, ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण आफ्रिका. जुन्या सवयीने मांडीवर वही होती. त्या दुपारी ऑस्ट्रेलियाने झेलामागून झेल सोडले, अर्धा डझन तरी. इतक्या मोठ्या संघाचे हात असे का झाले, समजेना. डी कॉकचं शतक झालं, 7 बाद 311 धावा झाल्या, ऑस्ट्रेलिया 177 मध्ये आटोपली. आता चेंडूगणिक नोंदी ठेवणारे लोक सुटलेले झेलही मोजतात, हे मला माहीत आहे. पण फलकावर, जो मुलं वाचतात आणि जो टिकतो, तिथे अजूनही काही नसतं. मी माझ्या वहीत झेल सुटलेल्या प्रत्येक नोंदीभोवती एक बारीक गोल काढत होतो. 1984 नंतर मीही गुणलेखन करू लागलो, तेव्हापासूनची ही माझी खूण. बाबांच्या समोर कधी काढली नाही.

शेजारी बारा-तेरा वर्षांचा एक मुलगा वडिलांबरोबर आला होता. बराच वेळ वहीत डोकावत होता. ‘‘अंकल, ये गोला क्या है?’’

मी सांगितलं.

त्याने विचार केला. ‘‘और नाम किसका लिखेंगे?’’

मी म्हटलं, कुणाचंच नाही. गोलंदाजाच्या ओळीत खरं काय घडलं तेवढं लिहायचं. नाव ज्याचं आहे त्याला ठाऊक असतं. त्याने जाऊन सांगायचं. मुलाचं समाधान झालं की नाही, कळलं नाही. पुढचा झेल सुटला तेव्हा तो माझ्याआधी ‘‘गोला, गोला’’ म्हणून ओरडला.

बाबा आता नाहीत. त्यांच्या वह्या माझ्याकडे आहेत. इकानातल्या सामन्यानंतरच्या हिवाळ्यात, त्या रविवारला चाळीस वर्षं होत आली तेव्हा, मी 1984 ची वही पिशवीत घालून चौकात गेलो. गल्ली तीच, मेज तेच. तो आता स्वतःच्या मुलाच्या हाताखाली बसतो, नजर कमी झाली आहे, ठोसा मात्र तसाच नेमका. मी पान उघडून त्याच्यापुढे ठेवलं आणि विचारलं, इथे खूण करू का? वहीला मी तोवर हात लावला नव्हता. चौथं षटक, ठिपका. बारावं षटक, 2.

त्याने हात पुसले. चष्मा लावला. पान डोळ्यांजवळ नेऊन एकेका चौकटीवरून बोट फिरवत गेला. मी दोन्ही जागी गोल काढले. त्याचं बोट पुढे सरकत राहिलं आणि चौदाव्या षटकातल्या चौथ्या ठिपक्यावर थांबलं.

‘‘एक और था,’’ तो म्हणाला. ‘‘स्लिप में.’’

स्लिपमध्ये मी नव्हतो. कोण होतं, ते त्याने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. त्याच्या बोटाशेजारी पेन्सिल टेकवली. आता त्या पानावर तीन गोल आहेत.